अहिराणीच्या व्याकरणलेखनातील एक पद्धतिदोष

एखाद्या भाषेचे व्याकरण लिहिणे आणि ती भाषा शेजारच्या भाषेहून कोठे वेगळी आहे याची यादी करणे, ही दोन निरनिराळी कामे होत. अहिराणीविषयीच्या पुष्कळशा लेखनात दुसऱ्या कामालाच पहिल्याचे नाव मिळालेले आहे. बागलाण, मालेगाव, कळवण, देवळा या तालुक्यांतून ही भाषा घरोघर बोलली जात असल्यामुळे नाशिकच्या अभ्यासकाने तरी या प्रश्नाची उपेक्षा करू नये.

ग्रिअर्सन यांनी संपादिलेल्या भारतीय भाषांच्या पाहणीत, नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७), खानदेशीची गणना भिल्ली भाषांसमवेत झाली. महाराष्ट्रात तिला मराठीची बोली मानण्याचा प्रघात आहे. तर २०११ च्या जनगणनेत मराठीहून वेगळी अशी ‘खानदेशी’ची नोंद असून तिचे भाषिक सुमारे १८ लाख दाखविले आहेत. वर्गीकरणे तीन झाली; वर्णन मात्र मागे राहिले. उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर, एखादा स्थानिक उतारा आणि ठराविक शब्दांची व वाक्यांची यादी, एवढ्यावर त्या पाहणीची उभारणी होती. शेकडो भाषांची एका मापाने तुलना करता आली, हा तिचा मोठाच गुण होय. परंतु विचारलेल्या प्रश्नांना मिळालेल्या उत्तरांतून रूपे हाती येतात, त्यांचा प्रयोग हाती येत नाही.

‘जाणे’ हे क्रियापद पाहू. वर्तमानकाळी ‘मी जास, तू जास, तो जास, ती जास’ अशी रूपे होतात. अनेकवचनी सर्वत्र ‘जातस’. येथे क्रियापद केवळ वचन दाखविते. भूतकाळी ‘तो गया, ती गई’ असा लिंगभेद प्रकट होतो. भविष्यकाळी ‘मी जासू, तू जाशी, तो जाई’ असा पुरुषभेद येतो, लिंगभेद राहत नाही. म्हणजे तीन काळांत अन्वयाची तीन तत्त्वे आहेत. मराठीच्या ‘जातो, जातोस, जाते’ या रूपांशेजारी ‘जास’ ठेवून ‘येथे लिंगवाचक प्रत्ययाचा लोप झाला आहे’ असे लिहिले, की ही व्यवस्थाच दृष्टीआड होते. शिवाय ‘तो रोज वावरमा जास’ आणि ‘तो जाई राहिना’ यांतील अर्थभेदाची सीमा कोणत्याही रूपावलीत सापडणार नाही; ती संभाषणातच सापडेल.

नामाच्या बाबतीतही हेच घडते. ‘लोकेसले’ म्हणजे लोकांना, ‘लोकेसना’ म्हणजे लोकांचा, ‘लोकेसमा’ म्हणजे लोकांत. ‘स’ हे अनेकवचनाचे चिन्ह असून त्यापुढे ‘ले, ना, मा’ हे एकवचनातील प्रत्ययच जसेच्या तसे लागतात. मराठीच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला ‘ना’ ही चतुर्थी वाटेल. वस्तुतः ती षष्ठी आहे.

हा दोष केवळ ग्रंथापुरता राहत नाही. व्याकरणात ज्याची नोंद ‘लोप’ म्हणून होते, ते वर्गात ‘चूक’ ठरते, आणि नियमाने बोलणारे मूल अशुद्ध बोलणारे समजले जाते. पुढे तेच मूल परक्यासमोर अहिराणी बोलेनासे होते आणि संशोधकाच्या मराठी प्रश्नाला मराठी वळणाचे उत्तर देते. अशा रीतीने सदोष वर्णन स्वतःसाठी सदोष पुरावा निर्माण करते.

यावर उपाय अवघड नाही. एकेका ठिकाणची बोली स्वतंत्रपणे वर्णिण्याचा वस्तुपाठ अ. मा. घाटगे यांनी दक्षिण कानड्यातील कोकणीवरील ग्रंथात (१९६३) घालून दिला आहे. अहिराणीवर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्याने प्रथम एक गाव निवडावे, तेथील लोकांचे आपापसांतील बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि त्यावरून नियम बांधावेत. मराठीशी तुलना अवश्य करावी. परंतु ती शेवटच्या प्रकरणात.