विचलन कोणत्या प्रमाणापासून? : शैलीविज्ञान आणि इंग्रजीचे भाषाभेद

शैलीविज्ञानाची मांडणी मूलतः तुलनेवर उभी आहे. साहित्यकृतीची भाषा कशापासून तरी वेगळी आहे, हे गृहीत धरल्याशिवाय ‘विचलन’ ही संज्ञा वापरताच येत नाही. प्राग संप्रदायातील मुकारोव्हस्की यांनी काव्यभाषेचा विचार प्रमाणभाषेच्या पार्श्वभूमीवर केला. जेफ्री लीच यांनी १९६९ मध्ये इंग्रजी कवितेतील विचलनांचे वर्गीकरण केले, तेव्हा त्यात शब्द, व्याकरण आणि अर्थ यांच्या बरोबरीने बोलीमूलक विचलनालाही स्थान दिले. इंग्लंडमध्ये राहून प्रमाण इंग्रजीत लिहिणारा कवी मधूनच एखादा प्रांतिक शब्द योजतो, एवढ्यापुरते हे वर्गीकरण पुरेसे आहे. परंतु ज्या भाषेची प्रमाणरूपेच अनेक झाली आहेत, तिच्या बाबतीत एक प्रश्न टाळता येत नाही : विचलन मोजायचे ते कोणत्या प्रमाणापासून?

ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीच्या प्रसाराची तीन वर्तुळे कल्पिली आणि भारतासारख्या देशांतील इंग्रजीला स्वतःचे नियम असल्याचा आग्रह धरला. रँडॉल्फ क्वर्क यांनी १९९० मध्ये एकाच प्रमाणाची बाजू घेतली. काचरूंनी १९९१ मध्ये तिचा प्रतिवाद केला. हा वाद मुख्यतः इंग्रजीच्या अध्यापनासंबंधी होता. साहित्याच्या अभ्यासकापुढे तोच प्रश्न वेगळ्या रूपात येतो, हे तीन उदाहरणांवरून दिसते.

निसीम एझिकेल यांची ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही कविता भारतीय इंग्रजीच्या अभ्यासात हमखास घेतली जाते. तीतील अपूर्ण काळाची क्रियारूपे आणि गाळलेली उपपदे यांची यादी करून त्यांना ‘विचलने’ म्हटले जाते. परंतु यांतील बहुतेक रूपे भारतीय इंग्रजीच्या बोलण्यात सर्रास आढळतात. त्या भाषाभेदापुरती ती विचलने नव्हेत. विशेष आहे ती त्यांची दाटी. इतक्या थोड्या ओळींत इतकी रूपे एकत्र येणे, ही प्रत्यक्ष बोलण्याची नोंद नसून कवीने केलेली निवड आहे. कवितेतील विनोदही केवळ व्याकरणावर अवलंबून नाही. निरोपाच्या भाषणातील वक्ता पुष्पाची स्तुती करता करता सुरतेच्या आपल्या आठवणींत शिरतो, हा विनोद भाषणाच्या घाटातून येतो. क्रियारूपे ब्रिटिश व्याकरणानुसार दुरुस्त केली, तरी तो बराचसा टिकेल. म्हणजे येथे प्रादेशिक भाषाभेद आणि प्रयोजनपर भाषाभेद असे दोन स्तर आहेत. केवळ पहिला पाहणारे विश्लेषण मुद्रितशोधकाचे काम करते.

राजा राव यांच्या ‘कांथापुरा’ (१९३८) या कादंबरीत प्रश्न उलटा आहे. गावची हकिकत सांगणारी वृद्ध निवेदिका इंग्रजी बोलतच नाही. उभयान्वयी अव्ययांनी एकमेकांत गुंफलेली तिची लांबलचक वाक्ये कोणत्याही प्रत्यक्ष भाषाभेदातून उचललेली नाहीत. कन्नड कथनाच्या लयीचा प्रत्यय देण्यासाठी ती घडवलेली आहेत. त्यांना ‘भारतीय इंग्रजीचा नमुना’ म्हणणे, ही एझिकेल यांच्या कवितेला ‘चुकांची यादी’ म्हणण्याइतकीच गफलत आहे.

तिसरे उदाहरण अरुण कोलटकर यांचे. त्यांची ‘थ्री कप्स ऑफ टी’ ही कविता मुळात मुंबईच्या हिंदीत आहे. तिचे इंग्रजी रूप त्यांनी स्वतःच केले, आणि त्यासाठी भारतीय इंग्रजी न वापरता अमेरिकेतील रस्त्यावरच्या बोलीचा आधार घेतला. वरवर पाहता ही निवड विपरीत वाटते. पण भारतीय इंग्रजी ही प्रायः शिक्षितांची भाषा आहे. पगार मागणाऱ्या, कायद्याच्या कडेकडेने जगणाऱ्या माणसाच्या तोंडी ती घातली असती, तर त्याचा समाजस्तरच बदलला असता. मुंबईच्या हिंदीला प्रमाण हिंदीच्या संदर्भात जे स्थान आहे, तेच स्थान इंग्रजीच्या व्यवस्थेत कोणत्या बोलीला आहे, हे कोलटकरांनी पाहिले. शब्दाला शब्द न शोधता त्यांनी स्थानाला स्थान शोधले.

या तिन्ही ठिकाणी भाषाभेदाचे कार्य भिन्न आहे : एझिकेल त्याचे अतिरंजन करतात, राव नवे भाषारूप घडवतात, कोलटकर एका भाषाभेदाच्या जागी दुसरा योजतात. ‘विचलन’ हे एकच नाव तिन्हींना दिले, तर हा भेद पुसला जातो. म्हणून विश्लेषणाचा क्रम बदलणे आवश्यक ठरते. निवेदक किंवा वक्ता कोणता भाषाभेद बोलतो, की कोणताच बोलत नाही, हे प्रथम निश्चित करावे. मग त्या भाषाभेदात नेहमीचे काय याचे वर्णन करावे, आणि त्यानंतरच कृतीत काय उठून दिसते ते पाहावे. हॅलिडे यांनी १९७१ मध्ये गोल्डिंग यांच्या ‘द इनहेरिटर्स’ या कादंबरीचे विश्लेषण करताना नुसता भाषिक ठळकपणा आणि कृतीच्या अर्थाशी निगडित ठळकपणा यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. मात्र ठळकपणा कोणाच्या कानाला जाणवतो, हेही त्यात जोडावे लागेल.

मराठीच्या अभ्यासकाला हा विचार परका नाही. निवेदनासह सारी कादंबरी वऱ्हाडी किंवा अहिराणी वळणाने लिहिली जाते, तेव्हा ‘बोलीचा प्रभावी वापर’ एवढ्या शेऱ्यावर समीक्षा थांबते. त्या शेऱ्यात प्रमाण मराठी हीच निवेदनाची स्वाभाविक भाषा असल्याचे गृहीत धरलेले असते. वऱ्हाडीत मोठ्या झालेल्या वाचकाला त्या कादंबरीत बोलीचा ‘वापर’ जाणवतच नाही. लेखकाने त्या बोलीतून काय वेचले आणि काय गाळले, हे मात्र त्याला नेमके कळते. शैलीची चर्चा त्याच्या वाचनापासून सुरू व्हायला हवी.