आशाद्वार आणि मेजवानी

सिंगापुरातील व्हिक्टोरिया रस्त्यावरचा ‘चाइम्स’ हा वास्तुसमूह जीर्णोद्धाराचा नमुना म्हणून वाखाणला जातो. दगडचुन्यापुरती ही स्तुती आम्हांस मान्य आहे. १८५४ साली फ्रान्समधील एका संघाच्या धर्मभगिनींनी येथे मठ, मुलींची शाळा व अनाथालय यांचा पाया घातला; फादर नँ यांनी योजिलेले गॉथिक प्रार्थनामंदिर १९०४ साली पुरे झाले. १९८३ साली शाळा अन्यत्र गेली. १९९६ पासून मंदिरात विवाहसमारंभ होतात आणि भोवतालच्या ओवऱ्यांत उपाहारगृहे व मद्यगृहे चालतात. नावही मोठे चतुर, मठाच्या आद्याक्षरांतून घंटानाद काढणारे!

मंदिराविषयी आमची तक्रार नाही. जेथे माणसे प्रार्थनेस जमत, तेथे ती लग्नास जमली म्हणून दगडास विटाळ होत नाही. आक्षेप आहे तो ओवऱ्यांविषयी. ही वास्तू मुख्यतः मुलींची होती, आणि तेच येथे कमी जाणवते. ज्या ‘आशाद्वारा’शी निरुपाय झालेल्या आया तान्ही लेकरे ठेवून जात, ते मेजवानीच्या गजबजाटात केवळ एक जुने फाटक होऊन राहते. भाड्यावाचून अशी वास्तू त्या महागड्या भूमीवर टिकणे कठीण, हे आम्ही जाणतो. परंतु त्या फाटकापुढची चार हात जागा भाड्याच्या हिशेबातून वगळता आली असती.