'स्मृतिचित्रे' आणि संयमाची कसोटी

धर्मसाधनेवर मराठीत ग्रंथांचा तोटा नाही. परंतु साधना घरात शिरली म्हणजे त्या घराचे काय होते, हे सांगणारी पुस्तके फारच थोडी. लक्ष्मीबाई टिळक ह्यांची 'स्मृतिचित्रे' हे त्या थोड्यांतील एक, आणि माझ्या मते पहिल्या मानाचे. १९३४ साली त्याचा पहिला भाग प्रसिद्ध झाल्यापासून वाचक त्यातील विनोदावर आणि निरागस बोलीवर लुब्ध आहेत. ती स्तुती रास्तच होय. पण ह्या पुस्तकाचे एक अंग आमच्या टीकाकारांनी बहुधा विनोदाच्या नादात दृष्टीआड केले. ख्रिस्ती भक्तिमार्गात ज्यास आत्मसंयम म्हणतात तो माणसात कसा वाढतो, किती अडखळत वाढतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, ह्याविषयी इतकी प्रामाणिक साक्ष दुसऱ्या मराठी ग्रंथात मला तरी आढळलेली नाही.

प्रथम शब्दाचाच विचार करू. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळाचे वर्णन नऊ गुणांनी केले आहे. त्यांत प्रीती पहिली आणि संयम शेवटचा. मराठी शास्त्रात ह्या शेवटच्या गुणास 'इंद्रियदमन' हा शब्द योजलेला आहे. 'दमन' म्हटले की आपल्यास बंडाचे दमन आठवते, म्हणजे वरून दाबणे आले. मूळच्या ग्रीक 'एन्क्रातेइया' ह्या शब्दाचा रोख मात्र स्वतःवर स्वतःची सत्ता असण्याकडे आहे. ही सत्ता पौल फळांच्या यादीत घालतो हे विशेष. फळ झाडावर धरते. ते कोणी हुकमाने काढीत नाही. आणि तोच पौल करिंथकरांस लिहिताना शर्यतीत धावणाऱ्याचा आणि मुष्टियुद्ध करणाऱ्याचा दृष्टांत देऊन शरीर राबविण्याची भाषा बोलतो! फळ आणि तालीम ह्यांतील हा पेच ख्रिस्ती मंडळीस आजतागायत सुटलेला नाही. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठातील दिवसाचे प्रार्थनेत आणि श्रमात वाटे पाडून दिले. सोळाव्यात इग्नेशियसने ध्यानाचा चार सप्ताहांचा क्रम बांधला. त्याच शतकात मठातील कठोर नेमांनी मन शांत होईना म्हणून लूथरने कृपेचा आश्रय केला. आणि अठराव्यात वेस्ली व त्याचे सोबती इतक्या नेमाने वागू लागले की ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी त्या नेमावरूनच त्यांस थट्टेचे नाव दिले, व पुढे तेच त्यांच्या पंथाचे नाव झाले.

हा पेच एकट्या ख्रिस्ती धर्माचा आहे असे मात्र कोणी समजू नये. पतंजलीचे यमनियम आणि तुकोबांची करुणा ह्यांच्यामध्ये तोच उभा आहे. आमच्या अड्याळापासून पवनी काही फार दूर नाही. तेथील टेकडीच्या पोटातून १९६९-७० साली प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. विनयाचे नियम पाळणाऱ्या भिक्षूंचे जीवन ह्या वैनगंगेच्या खोऱ्यास दोन हजार वर्षांपूर्वीच परिचित होते, हे आम्हां इकडील लोकांस फार उशिरा समजले.

असो. लक्ष्मीबाईंकडे वळू. त्यांच्या आठवणींचा आरंभ अशा घरात होतो की जेथे नेमाचे वेड झाले होते. १८५७ च्या धामधुमीत आजोबांस फाशी झाली. त्या प्रसंगापासून वडिलांच्या मनाने विटाळाची जी धास्ती घेतली ती जन्मभर सुटली नाही. बाजारातून आलेली वस्तू धुऊन घ्यावयाची, आणि ह्या धुण्यातून मीठसाखरही वाचावयाची नाही! बाई हे सर्व हसत हसत सांगतात. पण त्या हसण्याखाली बायकामुलांनी सोसलेला जाच आहे. हे प्रकरण पुस्तकाच्या आरंभी यावे हा कालक्रमाचा योगायोग असेल; तथापि वाचकाच्या हाती त्याने एक माप दिले आहे. त्या गृहस्थांच्या निष्ठेत खोट नव्हती, कष्टांत कसूर नव्हती. संयमाची बाहेरून दिसणारी सर्व लक्षणे तेथे होती. नव्हती ती एकच गोष्ट: त्या नेमाने त्यांची स्वतःवर सत्ता चालत नव्हती, नेमाचीच त्यांच्यावर चालत होती.

अशा घरातून निघालेली मुलगी १८८० साली, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, नारायण वामन टिळकांच्या घरी आली. टिळक म्हणजे उलट टोक. कवी, विद्वान, उदार आणि कमालीचे तापट. हातातला पैसा समोरच्या गरजवंताच्या हाती जावयाचा आणि चुलीवर काय ठेवावे ही चिंता पत्नीने करावयाची. भांडण झाले की घर सोडून चालते व्हावयाचे. लक्ष्मीबाईंनी ह्यातले काही झाकलेले नाही. एका प्रसिद्ध धर्मोपदेशकाच्या विधवेने, त्यांचे भक्त जिवंत असताना, असे लिहावे ह्यास धैर्य लागते. त्याहून नवल हे की असे लिहूनही टिळकांविषयी वाचकाचा आदर उणा होत नाही.

ह्या तापट मनुष्यास ख्रिस्ताची पहिली ओळख आगगाडीत झाली. नागपूर आणि राजनांदगाव ह्यांच्या दरम्यानच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला, तो वाचल्यास दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असेही भाकीत केले. अड्याळच्या उत्तरेस भंडारा रोड स्टेशनावरून जाते तीच ही वाट. टिळकांच्या चरित्राचा एवढा मोठा सांधा आमच्या जिल्ह्याच्या रुळांवर बदलला, पण त्याची आठवण येथे क्वचितच निघते. त्यांना त्या पुस्तकात सर्वांत अधिक धरून ठेवले ते डोंगरावरील प्रवचनाने. रागावणाऱ्यास खून करणाऱ्याच्या रांगेत बसविणारे ते प्रवचन एका रागीट मनुष्याच्या वर्मी लागावे, ह्यात आश्चर्य कसले?

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पत्नीस त्यांनी आधी कळविले नाही. येथे चरित्रकार बहुधा श्रद्धेची थोरवी गाऊन पुढे जातात. 'स्मृतिचित्रे' तसे करू देत नाही. नवऱ्याचे सत्यशोधन एकीकडे आणि पदरात लहान मूल घेऊन आप्तांच्या दारी दिवस काढणारी, दुःखाने भ्रमिष्टासारखी झालेली स्त्री दुसरीकडे, अशी दोन चित्रे ती शेजारी शेजारी ठेवते आणि काही न बोलता बाजूस होते. टिळकांच्या त्या कृतीस मी संयम म्हणणार नाही. ती घाई होती, उत्कट आणि प्रामाणिक घाई.

संयम दिसतो तो त्यानंतर. काही वर्षांनी पतिपत्नी पुन्हा एकत्र आली तेव्हा लक्ष्मीबाई आपल्या धर्मात होत्या, आणि नुसत्या होत्या असे नव्हे तर सोवळ्यासह होत्या. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे. धर्मोपदेश करणाऱ्या मनुष्याच्याच घरात त्याच्या स्पर्शाचा विटाळ! ज्याला भाजीस मीठ कमी पडलेले खपत नसे असा हा पुरुष, आणि त्याने ही स्थिती मुकाट्याने चालू दिली. एवढेच नव्हे, पत्नीचे सोवळे नीट चालावे अशी व्यवस्था स्वतः लावून दिली. बळजबरी केली नाही, टोमण्यांची तलवार चालविली नाही. स्वभावाने ज्याला क्षणभर थांबणे ठाऊक नव्हते तो दुसऱ्याच्या मनासाठी थांबला. टिळकांनी कोणते उपास केले, पहाटे किती वाजता उठून प्रार्थना केली, हे मला माहीत नाही आणि ते माहीत करून घेण्याची उत्सुकताही नाही. त्यांच्या अंतरंगात काही पिकले असेल तर त्याचा पुरावा ह्या निराळ्या चुलीत आहे.

आणि ह्या थांबण्याचे फळ काय? लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडले ते कोणाच्या युक्तिवादाने हरून नव्हे. जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडला, उत्तरही त्यांनीच काढले, आणि मग कोणाच्याही हातचे खाण्यास त्या मोकळ्या झाल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. धर्मांतराच्या गुणदोषांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. ती करणाऱ्यांनी अवश्य करावी. मला एवढेच दाखवावयाचे आहे की ज्या मुलीने बापाच्या घरी धुतलेले मीठ पाहिले होते तिला नेम तोडण्यासाठी नेम पाळण्याहून अधिक बळ लागले असेल. सवयीचे बंधन टाकणे हाही संयमच, पण तो कोणी मोजीत नाही.

टिळकांच्या स्वतःच्या काव्यात ह्या झगड्याचा आवाज ऐकू येईल अशा अपेक्षेने 'अभंगांजली' उघडणाऱ्यास थोडी निराशा पत्करावी लागते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक सांगत, आणि त्यांच्या अभंगांची चाल, शब्दकळा, लीनता ह्या सर्वांवर त्या पुलाची खूण आहे. गोडवा अपूर्व. मराठी ख्रिस्ती मंडळीस तिच्या मायबोलीत देवाशी बोलावयास त्यांनी शिकविले, हे ऋण फिटणारे नव्हे. परंतु तुकोबा देवाशी जसे भांडतात, त्यास जाब विचारतात, स्वतःच्या मनाची फजिती चव्हाट्यावर मांडतात, तसे टिळक क्वचितच करतात. त्यांचे समर्पण फार लौकर येते. घरात ज्याचा राग भिंती हलवीत असे तो अभंगात आल्याबरोबर शांत झालेला दिसतो. मधला जिना मात्र दिसत नाही. म्हणून माझे असे मत झाले आहे की 'अभंगांजली' आणि 'स्मृतिचित्रे' ही एकत्र वाचावी. एकीत प्रार्थना आहे, दुसरीत ती प्रार्थना करणाऱ्याची सकाळ-संध्याकाळ.

१९१७ च्या संन्यासाचा प्रश्न अधिक अवघड आहे. त्या वर्षी टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांसही त्यात जागा होती. कल्पना उदात्त. परदेशी पैशाच्या आधारावाचून, ह्या भूमीच्या चालीने ख्रिस्तभक्ती रुजावी ही त्यांची तळमळ खरी होती. परंतु पगार सुटतो तेव्हा तो एकट्या पुरुषाचा सुटत नाही. नवरा अपरिग्रही झाला म्हणजे परिग्रहाची सारी काळजी पत्नीच्या शिरावर जाते. आपल्या संतचरित्रांनी हा हिशेब फारसा मांडला नाही. जिजाऊ कर्कशा म्हणून रंगविली की कीर्तनकाराचे काम भागते. लक्ष्मीबाई कर्कश नाहीत, आणि गप्पही नाहीत. त्या विनोद करतात. हा विनोद म्हणजे नुसता स्वभाव असे मी मानीत नाही. ज्या ठिकाणी तक्रार करण्याचा हक्क पुरेपूर होता त्या ठिकाणी त्यांनी हसणे निवडले, तेही काही न लपविता. इतका कसदार संयम टिळकांनाही साधला असेल की नाही, ह्याची मला शंका आहे.

पुस्तकात उणिवा आहेत. प्रसंग साखळीसारखे न येता पोतडीतून निघाल्यासारखे येतात. स्वतःच्या प्रार्थनाजीवनाविषयी बाई जवळजवळ काहीच बोलत नाहीत. टिळकांचे मित्र, सहकारी ह्यांच्या पंक्तीत वाचक कधी कधी हरवतो. पंडिता रमाबाईंनी आपल्या मनाची वाटचाल जशी विचारपूर्वक नोंदली तशी नोंद येथे शोधू नये. रमाबाई बायबलाच्या भाषांतरास अखेरपर्यंत चिकटून राहिल्या. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचा नेम डोळ्यांत भरतो. लक्ष्मीबाईंचा भरत नाही, कारण तो चूल, आजारपण, पाहुणे आणि परक्या पोरांचे संगोपन ह्यांत विखुरलेला आहे.

तरी एक काम असे आहे की ते कोणासही दाखविता यावे. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस वारले तेव्हा त्यांच्या 'ख्रिस्तायना'चे आरंभीचे अध्यायच तेवढे लिहून झाले होते. हे महाकाव्य हाती घेणारी बाई कोणत्या शाळेत गेलेली नव्हती. अक्षरओळख तिला नवऱ्याने करून दिली होती. पुराणाच्या धर्तीचे लांबलचक आख्यान, विषय परदेशीचा, आणि मागे टिळकांसारख्या कवीचा नमुना. लक्ष्मीबाई ओवीमागून ओवी रचीत बसल्या. ग्रंथाचा फार मोठा भाग त्यांच्या हातचा आहे. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या. 'ख्रिस्तायन' छापून बाहेर आले ते त्यानंतर, १९३८ साली.