'राऊ' ते 'बाजीराव मस्तानी': शेवटच्या लढाईचं काय झालं?

माध्यमांतरावर काम करायचं ठरवलेल्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: 'चित्रपटाने कादंबरीवर आणि इतिहासावर अन्याय केला आहे.' हे मत झालं, संशोधनप्रश्न नाही. आरआरसीत पहिला प्रश्न येईल, 'बरं, मग पुढे?' आणि तिथेच गाडी अडेल.

ना. सं. इनामदारांची 'राऊ' (१९७२) आणि तिच्यावर आधारलेला संजय लीला भन्साळींचा 'बाजीराव मस्तानी' (२०१५) घ्या. नुसती शीर्षकं बघा. 'राऊ' ही जवळच्या माणसांची हाक आहे. चित्रपटाला मात्र जोडी हवी. 'पिंगा'वरून झालेला वाद तुम्हाला आठवत असेलच, त्यात आता फारसं उरलेलं नाही. मला महत्त्वाची वाटते ती शेवटची लढाई. ती तर आपल्या अंगणातली आहे.

१७४०च्या सुरुवातीला बाजीराव निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी गोदाकाठी, औरंगाबाद-पैठणच्या टापूत लढत होते. इकडे पुण्यात मस्तानी कैदेत. चित्रपटात ही बातमी कळताच बाजीराव बेभान होऊन एकटेच शत्रूवर तुटून पडतात, जखमी होतात. कागदोपत्री गोष्ट वेगळी दिसते. लढाई तहाने संपली, हंडिया आणि खरगोणचा मुलूख मिळाला, आणि त्याच भागात, नर्मदेकाठी रावेरखेडीला, २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव आजारपणात गेले.

आता वैजापूर तालुक्यातलं पालखेड आठवा. १७२८ मध्ये तिथे निजामाची रसद आणि पाणी तोडून बाजीरावांनी त्याला टेकीला आणलं. मोठी रणधुमाळी न करताच! एकट्याने तलवार घेऊन धावणं ही त्या सेनापतीची पद्धतच नव्हती. मग दिग्दर्शकाने असं का केलं? माझं वाचन असं: कादंबरीकाराला पात्राच्या मनात शिरता येतं, तिथली घालमेल पानंच्या पानं लिहिता येते. पडद्यावर ती दिसायला हवी, म्हणून घालमेलीची तलवार झाली. लढाई राज्यासाठी उरली नाही, प्रेमाचा पुरावा झाली. यात सौंदर्य आहे, ते मी नाकारत नाही. पण किंमत मस्तानी मोजते. सुरुवातीला स्वतः लढणारी बाई शेवटी साखळदंडात वाट बघत राहते, आणि युद्ध पूर्णपणे त्याचं होतं.

लिंडा हचन (२००६) माध्यमांतराला दुय्यम नक्कल मानत नाहीत. त्यांना वाचा, पण तिथेच थांबू नका. पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे सरदेसाईंनी संपादित केलेले ४५ खंड आहेत. वाचताना प्रत्येक नोंदीपुढे लिहा: हे कोण सांगतंय? मस्तानीबद्दल बोलणारे बहुतेक इतरच आहेत. त्या रिकाम्या जागेत कादंबरीने काय भरलं आणि चित्रपटाने काय, एवढ्या एका प्रश्नावर अख्खं प्रकरण उभं राहतं. आधी १७४०चे पहिले चार महिनेच घ्या. तेही पुष्कळ होतात.