लकुण्टक भद्दिय : रूप, स्वर आणि ओळख

बाह्य रूप आणि आंतरिक शील यांतील अंतर हा सर्वच भाषांतील साहित्याचा जुना विषय आहे. बहुतेक कथांतून तो एका ठरावीक रीतीने हाताळला जातो. कुरूप माणूस प्रथम हिणवला जातो, पुढे त्याचा एखादा गुण प्रकट होतो, हिणवणारे ओशाळतात आणि वाचक समाधान पावतो. लकुण्टक भद्दिय थेरांची कथाही आपल्याकडे सहसा याच साच्यात सांगितली जाते. मूळ पाली वचने शेजारी ठेवून वाचली म्हणजे मात्र हा साचा त्यांना अपुरा पडतो, असे दिसून येते.

लकुण्टक म्हणजे खुजा. 'उदाना'च्या चूळवग्गात आणि संयुत्तनिकायाच्या भिक्खुसंयुत्तात या थेरांचे वर्णन येते. ते दुर्वर्ण आहेत, दुर्दर्शन आहेत, ठेंगणे आहेत. या विशेषणांबरोबर आणखी एक विशेषण येते आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे : भिक्षूंकडून अवहेलना होणारे. येथे अवहेलना करणारे नगरातील टवाळ नाहीत, पुरोहित नाहीत. ज्यांनी वर्ण, गोत्र आणि कुळ मागे टाकून चीवर धारण केले, तेच आपल्या एका सहकाऱ्याला त्याच्या देहावरून तुच्छ लेखत आहेत. हे संगीतिकारांनी झाकले नाही. दीक्षा घेतल्याने दृष्टी आपोआप बदलत नाही, ही गोष्ट त्या काळच्या संघाने आपल्याच ग्रंथात नोंदवून ठेवली, याचे मोल मोठे आहे.

धम्मपदाच्या अट्ठकथेतील प्रसंग याच अर्थाचा आहे. तथागतांच्या दर्शनास आलेले अरण्यवासी भिक्षू भद्दियांना वाटेत पाहतात. 'जाणारा थेर तुम्ही पाहिलात काय?' असे विचारल्यावर ते सांगतात की थेर दिसला नाही, एक श्रामणेर तेवढा दिसला. केस पिकल्याने कोणी थेर होत नाही, या आशयाच्या गाथा या प्रसंगाशी जोडलेल्या आहेत. भिक्षूंचे डोळे निकोप होते. त्यांनी उंची मोजली आणि तिलाच पदवी मानले.

आता थेरगाथेच्या सत्तकनिपाताकडे वळू. अंगुत्तरनिकायाच्या एतदग्गवग्गात भद्दिय हे मंजुळ स्वराच्या भिक्षूंत अग्र मानले गेले आहेत. रूढ कथाकार येथे थांबला असता : देह खुजा, पण कंठ मधुर, म्हणजे निसर्गाने एका हाताने काढून घेतलेले दुसऱ्या हाताने दिले. स्वतः भद्दिय मात्र येथे थांबत नाहीत. जे मला रूपाने मोजतात आणि जे माझ्या स्वरामागे येतात, ते दोघेही मला ओळखत नाहीत, असा त्यांच्या गाथेचा आशय आहे. निंदक आणि चाहता यांना त्यांनी एकाच ओळीत उभे केले आहे. पुढच्या गाथांत ते तीन प्रकारचे पाहणारे सांगतात. एकाला आतले कळत नाही आणि बाहेरचेही दिसत नाही. दुसऱ्याला बाहेरचे दिसते, पण आतले कळत नाही. तिसऱ्याला दोन्ही कळतात. पहिले दोघे स्वरात वाहून जातात. तिसरा वाहत नाही. स्वर हेही बाह्य रूपच आहे, हा विचार रूढ कथेच्या कितीतरी पुढचा आहे. कुरूप माणसाला स्वीकारण्यासाठी त्याच्यात काहीतरी मोहक सापडलेच पाहिजे, ही आपली अट ते धुडकावून लावतात.

येथे चोखोबांच्या उसाच्या अभंगाची आठवण होणे स्वाभाविक आहे. ऊस वाकडा असतो, त्याचा रस वाकडा नसतो, हा दृष्टान्त मराठी माणसाला मुखोद्गत आहे. चौदाव्या शतकात मंदिराबाहेर उभ्या असलेल्या महार संताचे हे आर्त आहे आणि त्याचा उपहास कोणी करू नये. बाबासाहेबांनी 1948 साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार आणि रविदास यांच्याबरोबर चोखोबांना अर्पण केला, तो उगाच नव्हे. तरीही समीक्षेने एक प्रश्न विचारलाच पाहिजे : ऊस वाकडा हे कोणी ठरवले? हा दृष्टान्त आतल्या रसाची ग्वाही देताना बाहेरचा वाकडेपणा मान्य करून बसतो. भद्दिय कसलीही ग्वाही देत नाहीत. दोष पाहणाऱ्याच्या दृष्टीत आहे, एवढेच सांगतात.

अट्ठकथाकारांना मात्र ही भूमिका पेलली नाही. भद्दिय खुजे का, याचे कारण त्यांनी पूर्वजन्मात शोधले. कस्सप बुद्धांच्या स्तूपाचा आकार लहान करावा, असा सल्ला त्यांनी दिला होता, म्हणून ते लहान झाले. 202 व्या, केळिसील जातकात तर ते वृद्धांची टिंगल करणारे राजा ब्रह्मदत्त आहेत; शक्र म्हाताऱ्याच्या वेषात येऊन ताकाचे मडके त्यांच्या डोक्यावर फोडतो. वृद्धांचा अवमान करू नये हा जातकाचा हेतू चांगला आहे, कथाही रंजक आहे. पण परिणाम काय होतो? ज्याची चेष्टा झाली तोच मुळात चेष्टेखोर ठरतो, आणि जेतवनाच्या दारात त्याची ओढाताण करणारे भिक्षू नुसत्या उपदेशावर सुटतात. जातीच्या उतरंडीने आपल्या आज्या-पणज्यांना हेच सांगितले होते : तुमचे दुःख हा तुमच्याच मागच्या जन्मीचा हिशेब आहे.

हा दोष केवळ उत्तरकालीन टीकाकारांचा आहे, असे म्हणून सुटका होत नाही. दीघनिकायातील लक्खणसुत्त महापुरुषाचे एकेक लक्षण पूर्वीच्या सत्कर्माशी जोडते. मज्झिमनिकायातील चूळकम्मविभंगसुत्त कुरूपतेचे मूळ पूर्वीच्या क्रोधात दाखवते. बाबासाहेबांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त का नाकारला, हे अशा स्थळी विशेष समजते. उलट त्याच निकायांत वेगळी साक्षही आहे. राजगृहातील कुंभाराच्या घरी पुक्कुसाति तथागतांबरोबर एका छपराखाली राहतो आणि त्यांना चेहऱ्यावरून ओळखत नाही. उपदेश ऐकल्यावर ओळखतो. अजातशत्रूला भिक्षुसंघात बसलेले भगवान कोणते, हे जीवकाला विचारावे लागते. बत्तीस लक्षणे डोळ्यांत भरण्यासारखी असती, तर हे दोन्ही प्रसंग घडलेच नसते.

शिल्पाने मात्र लक्षणांचीच बाजू घेतली. सांची व भारहूत येथे बोधिवृक्ष, पदचिन्हे, रिकामे आसन यांवरच भागवले गेले. पुढे गांधार व मथुरा येथे मानवी रूप घडले, तेव्हा मुंडित भिक्षूच्या मस्तकावर केस आणि उष्णीष आले. त्या मूर्तींचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. पण खुज्या देहाला या कलेत कोणती जागा मिळाली, हेही पाहावे. सांचीच्या पश्चिम तोरणावर बुटके यक्ष तुळयांचा भार वाहत आहेत. आपल्या पितळखोऱ्याचा यक्ष डोक्यावर पात्र घेऊन प्रसन्नपणे हसतो. कण्हदास नावाच्या सोनाराने ते काम केल्याचे त्यावर कोरले आहे. फार गोड शिल्प आहे ते. पण तो भारवाहक आहे. ज्या देहाला गाथेने अर्हताचा आवाज दिला, त्याला छिन्नीने ओझे दिले.

विहारांतील बालवर्गांत ही कथा सांगणाऱ्यांनी म्हणूनच ताकाचे मडके वगळावे, असे आम्हांस वाटते. मुलांना ते आवडेल, यात शंका नाही. परंतु वर्गात एखादे मूल लंगडणारे, एखादे बुटके असते, आणि कथा संपल्यावर इतर मुले त्याच्याकडेच पाहतात.