वेळ कोणाचा वाचवायचा?

‘सर, सर्वांत वेगवान संगणकभाषा कोणती?’ संगणकाच्या तासाला हा प्रश्न हमखास येतो आणि ‘सी’ असे सांगून आपण पुढे जातो. पण वेग कशाचा? तयार प्रोग्रॅम चालण्याचा, की प्रोग्रॅम लिहून हातात येण्याचा? हे दोन्ही वेग मोजणारा लुट्झ प्रेशेल्ट यांचा निबंध ‘कॉम्प्यूटर’ या नियतकालिकात ऑक्टोबर २००० मध्ये प्रसिद्ध झाला. भाषांच्या वादात त्याचा दाखला नेहमी दिला जातो. म्हणून तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे तपासायला हवे.

प्रयोग असा. ० ते ९ या प्रत्येक अंकासाठी काही अक्षरे ठरवून दिली होती. दूरध्वनी क्रमांक दिला की त्याच्याशी जुळणारे शब्द मोठ्या शब्दसूचीतून शोधायचे. या एकाच कामाचे ७४ जणांनी लिहिलेले ८० प्रोग्रॅम प्रेशेल्ट यांनी तपासले. भाषा सात होत्या. सी, सी++ आणि जावा या रूढ भाषा. पर्ल, पायथॉन, रेक्स आणि टीसीएल या ‘स्क्रिप्ट’ भाषा. स्क्रिप्ट भाषांत प्रोग्रॅम साधारण निम्म्या वेळात लिहून झाले आणि त्यांची लांबीही निम्मीच भरली. चालण्याच्या वेगात सी व सी++ पुढे होत्या. पण या कामापुरत्या स्क्रिप्ट भाषा फार मागे पडल्या नाहीत.

निबंधातील सर्वांत मोलाचा निष्कर्ष मात्र क्वचितच सांगितला जातो. दोन भाषांमधील फरकापेक्षा एकाच भाषेत लिहिणाऱ्या दोन माणसांमधील फरक सहसा मोठा निघाला! याचे कारण कळायला सोपे आहे. दर वेळी संपूर्ण शब्दसूची वरपासून खालपर्यंत चाळणारा प्रोग्रॅम वेगवान भाषेतही रेंगाळतो. आधी अंकांनुसार शब्दांची वर्गवारी करून ठेवणारा प्रोग्रॅम संथ भाषेतही झटपट उत्तर देतो. पद्धत आधी, भाषा नंतर.

आता उणिवा. रूढ भाषांतील बहुतेक प्रोग्रॅम विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी देखरेखीखाली लिहिले होते. स्क्रिप्ट भाषांतील प्रोग्रॅम जाहीर आवाहनाला प्रतिसाद देणाऱ्यांनी पाठवले आणि लागलेला वेळही त्यांनीच सांगितला. म्हणजे एका गटाचे घड्याळ परीक्षकाकडे, दुसऱ्याचे परीक्षार्थीकडे! सी भाषेतील प्रोग्रॅम तर अवघे पाच होते. शिवाय काम शब्द हाताळण्याचे, म्हणजे स्क्रिप्ट भाषांच्या सोयीचे होते. निव्वळ आकडेमोडीचे काम दिले असते, तर साधा पायथॉन सीच्या कित्येक पट मागे राहिला असता. या मर्यादांची चर्चा प्रेशेल्ट यांनी प्रामाणिकपणे केली आहे. दाखले देणारे ती वगळतात. आणि २००० सालच्या जावाचे आकडे आजच्या जावाला लावणेही योग्य नाही.

एक गोष्ट मात्र निबंधाच्या कक्षेतच येत नाही. प्रोग्रॅम किती वेळा चालणार? समजा, एक प्रोग्रॅम ३ तासांत लिहून झाला आणि तो १० सेकंदांत चालतो. दुसऱ्याला ९ तास लागले, पण तो १ सेकंदात चालतो. जादा ६ तास म्हणजे २१,६०० सेकंद. दर खेपेला ९ सेकंद वाचतात, म्हणजे २,४०० खेपांनंतर हिशोब बरोबरीत येईल. शाळेचे निकाल वर्षातून चारदा लावायचे असतील, तर त्याला ६०० वर्षे लागतील! याउलट हवामानाच्या अंदाजाचे गणित रोज करायचे असते, ते प्रचंड असते आणि उशिरा आलेला अंदाज निरुपयोगी असतो. तेथे लिहिणाऱ्याने महिनोन्‌महिने खर्चून सेकंद वाचवणे शहाणपणाचे ठरते.

तेव्हा पुढच्या वेळी ‘वेगवान भाषा कोणती?’ असे कोणी विचारले, तर उत्तर देण्याची घाई करू नये. एकच काम चार विद्यार्थ्यांना द्यावे. लिहायला लागलेली मिनिटे आणि चालायला लागलेले सेकंद फळ्यावर शेजारीशेजारी मांडावेत, आणि घड्याळ आपल्या हाती ठेवावे. भाषेचा वाद तेवढ्याने मिटणार नाही. पण मोजल्याशिवाय वाद घालू नये, ही सवय नक्की लागेल.