निसर्गाची पंगत आणि आगंतुक पाहुणा

१९६८ साली, काही महिन्यांच्या अंतराने, दोन छोटेखानी लेखनांनी जगाला ढवळून काढले. पहिले, अमेरिकन जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांचे ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ हे पुस्तक. दुसरे, पोप सहावे पॉल यांचे २५ जुलैच्या तारखेचे ‘ह्युमाने वीते’ हे मानवी जीवनाविषयीचे परिपत्रक. त्या वेळी जगाची लोकसंख्या साडेतीनशे कोटींच्या आसपास होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिने ८०० कोटींचा टप्पा ओलांडला. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत परिपत्रक आम्ही अभ्यासले आणि पुस्तकाचे खंडन ऐकले. परंतु दोन्ही शेजारी ठेवून वाचण्याची वेळ मात्र कधी आली नाही. ते राहून गेलेले वाचन अलीकडे आम्ही केले. त्यातून हाती आलेले काही विचार वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या वादाच्या मुळाशी एक प्रतिमा आहे, ती पंगतीची. थॉमस मॅल्थस हे स्वतः अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक होते. लोकसंख्येवरील त्यांचा निबंध १७९८ साली निघाला. १८०३ च्या विस्तारित आवृत्तीत त्यांनी असे चित्र रंगविले की, ज्याला आईबाप पोसू शकत नाहीत आणि ज्याच्या श्रमांची समाजाला गरज नाही, त्याच्यासाठी निसर्गाच्या मेजवानीत पान मांडलेलेच नसते. निसर्ग त्याला उठून जाण्यास सांगतो. पुढील आवृत्त्यांतून हा परिच्छेद मॅल्थस यांनी गाळून टाकला. प्रतिमा मात्र लोकांच्या मनातून गेली नाही. ज्यांनी शुभवर्तमानातील मेजवानीचा दाखला ऐकला आहे, ज्यात रस्त्यांवरून आणि गल्लीबोळांतून आंधळ्यापांगळ्यांना आत आणले जाते, त्यांना एका धर्मोपदेशकाच्या लेखणीतून हे चित्र उतरावे याचा खेद वाटल्यावाचून राहणार नाही.

एर्लिक यांच्या पुस्तकाचा आरंभ आपल्या देशात होतो. उकाड्याच्या एका रात्री लेखक पत्नी व मुलीसह दिल्लीत टॅक्सीतून हॉटेलकडे चालले आहेत. खिडकीबाहेर माणसे दिसतात: खाणारी, झोपणारी, भांडणारी, भीक मागणारी, उघड्यावर शौचास बसलेली. ‘माणसे’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत राहतो. लेखन म्हणून हा भाग परिणामकारक आहे, हे आम्ही मान्य करतो. पण या गर्दीतील एकालाही नाव नाही, एकही जण लेखकाशी बोलत नाही. १९६१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या २६ लाखांच्या घरात होती. त्याच दशकात पॅरिस महानगराची ८० लाखांच्या आसपास होती. पॅरिसच्या रस्त्यावर मात्र लेखकाला बॉम्ब दिसला नाही. म्हणजे लेखकाने जे पाहिले ते दारिद्र्य होते. त्याला त्यांनी संख्या असे नाव दिले. आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. त्या दृश्यात लेखक स्वतः इंधन जाळणाऱ्या वाहनात बसलेले आहेत.

आरंभीचे हे दृष्टिवैगुण्य पुढे धोरण बनते. तीन वा अधिक मुले असलेल्या भारतीय पुरुषांची सक्तीने नसबंदी करावी या सूचनेला एर्लिक पाठिंबा देतात आणि त्याकामी अमेरिकेने हेलिकॉप्टर व शस्त्रक्रियेची साधने पुरवायला हवी होती, असे लिहितात. भारताला धान्याची मदत थांबविण्याचा विचारही त्यांना त्याज्य वाटत नाही. मॅल्थस यांचा निसर्ग पाहुण्याला नुसता उठवीत होता. येथे उठविणाऱ्याच्या हाती शस्त्र आले.

१९७० च्या दशकात कोट्यवधी लोक उपासमारीने मरतील हे एर्लिक यांचे भाकीत खरे ठरले नाही. आपल्याकडील अनेक प्रवचनकारांनी, आम्हीही त्यांत आलो, याचा आनंद जरा घाईनेच मानला. भाकीत चुकले याचे कारण पृथ्वी अमर्याद आहे हे नव्हे. साठच्या दशकाच्या मध्याला सुमारे सव्वा कोटी टन असलेले आपले गव्हाचे पीक १९७० पर्यंत दोन कोटी टनांवर गेले ते नव्या बियाण्यांमुळे, पाण्यामुळे आणि युरियामुळे. हवेतील नत्रापासून अमोनिया बनविण्याची रीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये सिद्ध केली. १९१३ पासून जर्मनीत तिचा कारखाना चालू झाला. त्यासाठी लागणारा हायड्रोजन आज मुख्यतः नैसर्गिक वायूपासून व कोळशापासून मिळतो. या खताविना आजच्या जगातील निम्म्याच्या आसपास लोकांना पुरेल इतके अन्न पिकणार नाही, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्या वसईच्या नावाने ओळखले जाणारे ‘साउथ बसीन’ हे वायुक्षेत्र आपल्याच समुद्रात आहे, आणि रायगड जिल्ह्यातील थळचा युरिया कारखाना नैसर्गिक वायूवरच चालतो. आपल्या ताटातील पोळीमागे असा समुद्रतळातील वायू उभा आहे. कोट्यवधी वर्षांत साठलेली ही पुंजी आपण दोन-तीन शतकांत खर्चीत आहोत. हरितक्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉग यांनीही १९७० साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना बजावले होते की, मिळाली आहे ती केवळ उसंत.

आता परिपत्रकाकडे वळू. पोप सहावे पॉल १९६४ च्या डिसेंबरात मुंबईस आले होते. येथील दारिद्र्य त्यांनीही पाहिले. पुढच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९६५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघापुढे बोलताना त्यांनी मॅल्थस यांचीच प्रतिमा उलटी फिरविली: पाहुणे कमी करण्यापेक्षा मानवजातीच्या मेजावर भाकरी वाढविण्याचा मार्ग शोधा, असे त्यांचे आवाहन होते. ‘ह्युमाने वीते’ने कृत्रिम संततिनियमनास नकार दिला. हा नकार अनेक श्रद्धावंत दांपत्यांना जड गेला, हे पापनिवेदन ऐकणारा कोणताही धर्मगुरू नाकारणार नाही. परंतु त्यातील एका इशाऱ्याकडे टीकाकारांनी पुरेसे लक्ष दिले नाही: ही साधने राज्यकर्त्यांच्या हाती पडली तर ते ती प्रजेवर लादतील. १९७६-७७ या एका वर्षात आपल्या देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी कित्येक बळजबरीने. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमतही केले होते; राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते अमलात आले नाही. पंगतीतून उठविले गेले ते बहुतांशी गरीबच होते.

तरीही परिपत्रकातील एक उणीव नमूद केली पाहिजे. वाढत्या लोकसंख्येला साधने पुरतील काय, या भीतीचा उल्लेख ते आरंभीच करते, पण पुढे जमीन, पाणी, इंधन यांचा विचार फारसा येत नाही. भाकरी वाढविण्यास काय जाळावे लागते, हा प्रश्न त्या काळी ख्रिस्तसभेपुढे स्पष्ट उभा नव्हता. तो विचार २०१५ सालच्या पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’मध्ये आला. सारा दोष लोकसंख्यावाढीवर ढकलणे म्हणजे मूठभरांच्या बेसुमार उपभोगाकडे डोळेझाक करणे, असे ते तेथे म्हणतात; त्याच वेळी लोकवस्तीच्या असमतोलाकडे लक्ष द्यावे हेही मान्य करतात, आणि कोळसा, तेल, वायू यांची जागा विनाविलंब अन्य ऊर्जेने घ्यावी असे सांगतात. आमच्या मते १९६८ च्या दोन्ही लेखनांतील अपुरेपण हे परिपत्रक भरून काढते. मात्र संख्येचा प्रश्न ते जरा लवकर आवरते घेते.

आकड्यांवरून दोन गोष्टी दिसतात. जन्मदर धर्मावर ठरतो ही समजूत टिकत नाही: कॅथलिक परंपरेच्या इटली-स्पेनमध्ये तो जगातील नीचांकी दरांपैकी आहे, मुस्लिमबहुल बांगलादेशात तो सत्तरच्या दशकातील सातच्या जवळून दोनच्या आसपास आला, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत भारताचा सरासरी दर दोन, तर ख्रिस्ती स्त्रियांचा १.८८ होता. दुसरी गोष्ट, भार डोक्यांवर नव्हे, राहणीवर अवलंबून असतो. भारतात दरडोई वीजवापर वर्षाला सुमारे १,४०० युनिटांपर्यंत आहे. अमेरिकेत १२,००० हून अधिक.

तेव्हा ‘त्यांची संख्या वाढते आहे’ आणि ‘आपली घटते आहे’ ही दोन्ही वाक्ये, जी आमच्या धर्मग्रामाच्या सभांतूनही ऐकू येतात, त्याच टॅक्सीच्या खिडकीतून बोलली जातात. बहुगुणित होण्याचा आशीर्वाद उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आहे, तशी बाग राखण्याची आज्ञाही दुसऱ्या अध्यायात आहे. दोन अपत्यांच्या आपल्या सुखवस्तू घरात दोन मोटारी, खोलीगणिक वातानुकूलन यंत्र, आणि विवाहसमारंभाच्या रात्री उकिरड्यावर जाणारे अन्न असेल, तर झोपडीतील पाच मुलांच्या आईला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

आगंतुक पाहुणा कोण, हा प्रश्न मॅल्थस यांनी गरिबाला विचारला, एर्लिक यांनी भारताला. तो आता आपण स्वतःला विचारावा, असे आम्हांस वाटते. पंगत परमेश्वराची आहे. कुणाला उठवायचे हे ठरविण्याचे काम आपल्याकडे दिलेले नाही. आपल्या पानात किती वाढून घ्यायचे, एवढे मात्र नक्कीच आपल्या हाती आहे.